कालचा साबण

ब्रशच्या टोकाशी एक थेंब लोंबत होता... पडेल पडेल म्हणता पडत नव्हता. खिडकीच्या कठड्यावर दुधाच्या पावडरीचा जुना डबा, त्याच्या तोंडावर आडवा टाकलेला तो ब्रश, दांड्यावर लाखेचे तपकिरी डाग, केस अर्धेअधिक झडलेले, आणि त्या थेंबात बाहेरचं धुकं इवलंसं, पांढरं, उलटं दिसत होतं. बादली विसळता विसळता नोएमी त्याच्याकडे बघत राहिली. ओला आहे, तिला वाटलं. ओला आहे म्हणजे लावला असणार... आणि तिथंच विचार अडखळला, अंधारात उतरताना आणखी एक पायरी असेल म्हणून टाकलेला पाय सपाट जमिनीवर आदळावा तसा. कारण त्या डब्यात कायम पाणी असतं आणि ब्रश कायम त्या पाण्यात असतो. तो ओला नव्हता कधी?

मागे टेबलावर, चार फळ्यांच्या चौकटीत, नुकतंच ओतलेलं प्लास्टर अजून चकाकत होतं.

आज मी साबण लावला का?

लावला असणार. न लावता कसं ओतेन? चाळीस-बेचाळीस वर्षं साचे करतेय, कार्मेन गावातल्या निम्म्या ताटवाट्या कधी ना कधी माझ्या साच्यांतून निघाल्या असतील... पण 'असणार' हा शब्द तिच्या मनात आला आणि तिनं बादली खाली ठेवली. 'लावला' आणि 'लावला असणार' यांच्यात आख्खी एक सकाळ राहू शकते.

चौकटीच्या आत घडा होता. एदेल्मिराताईचा घडा – प्यायचं गरम चॉकलेट घुसळायचा, पोटाशी रुंद, गळ्याशी आखूड, रवी नीट फिरावी म्हणून आतून अगदी गोल. ताईनं तो प्लास्टरमध्येच कोरला होता, डोळे जवळजवळ गेल्यावर, फक्त बोटांनी. आणि त्याची चोच किंचित डावीकडे झुकली होती, कोणीतरी हाक मारल्यावर मान वळवावी तशी. ती चोच सरळ करू का म्हणून नोएमीनं एकदा विचारलं होतं. "हात लावशील तर बघ," ताई म्हणाली होती. ताईच्या हातून आता दुसरा घडा होणार नव्हता. हे दोघींनाही माहीत होतं आणि दोघीही ते बोलत नव्हत्या. म्हणून साचा हवा होता, म्हणजे त्या एका घड्याचे हवे तेवढे घडे होत राहतील.

काल साच्याची पहिली बाजू ओतली होती. घडा मातीत अर्धा पुरून, वरच्या अर्ध्यावर. आज तो उलटा करून, माती काढून, दुसरी बाजू. प्लास्टरवर प्लास्टर ओतायचं म्हणजे मध्ये साबण हवा, घड्यावरही आणि कालच्या बाजूच्या काठावरही – लावायचा, पुसायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा पुसायचा, बोट घसरेपर्यंत. एवढ्याशा बुळबुळीनं दोन बाजू वेगळ्या राहतात. ती नसली तर नवं प्लास्टर जुन्याला धरतं आणि सोडत नाही. मग साचाही नाही आणि घडाही नाही. एक दगड, आणि दगडाच्या पोटात कायमचा बंद झालेला घडा.

आठवत तर होतं. अगदी स्वच्छ आठवत होतं. चोचीभोवती ब्रश फिरला होता, कानाच्या खाचेत फेस साठला होता, तो तिनं स्पंजाच्या कोपऱ्यानं टिपला होता, शेजारच्या घरात रेडिओवर जपमाळेची प्रार्थना चालू होती. पण घडा दोन्ही दिवस तोच. अर्धी चोच या बाजूला, अर्धी त्या बाजूला. अर्धा कान इकडे, अर्धा तिकडे. तेच टेबल, तोच ब्रश, तीच खिडकी, आणि या दिवसांत धुकंही रोज त्याच वेळी डोंगरावरून उतरून अंगणात येऊन बसतं. रेडिओवरची जपमाळ तर रोजचीच. आठवण होती, पण ती कालची की आजची हे तिच्यावर कुठं लिहिलेलं नव्हतं.

पाण्यापासून पुढचं सगळं आजचं होतं, त्यात शंका नव्हती. अंगणातल्या टाकीचं पाणी आणायला ती गेली होती. गार पाण्यानं प्लास्टर सावकाश धरतं, हाताला वेळ मिळतो. आज ते इतकं गार होतं की मनगटात कळ गेली. परत आली तेव्हा ताई दारापाशी उभी होती, एप्रनला बोटं पुसत. "काय शोधतेस?" "भिंत," ताई म्हणाली होती, आणि भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेली होती. मग नोएमीनं मुठीमुठीनं प्लास्टर पाण्यावर भुरभुरवलं, कोंबड्यांना दाणे टाकायला बसल्यासारखं, घाई न करता, पाण्याखाली बुडत बुडत शेवटी मध्ये एक कोरडं बेट वर राहीपर्यंत, मग थांबली, ते बेट कडेनं भिजत भिजत दिसेनासं झालं, मग हात तळाशी घालून, वर बुडबुडा न येऊ देता, सावकाश ढवळलं – सायीसारखं, मग दह्यासारखं – बोट ओढलं तर रेघ क्षणभर राहते त्या वेळेपर्यंत. हे हाताला येत होतं. हात काही विसरला नव्हता. आणि ओतायच्या आधी आतून ताईचा आवाज आला होता:

"साबण लावलास?"

"लावला गं."

किती पटकन म्हणाले मी. लहानपणापासून ताई विचारते आणि मी 'हो' म्हणते. हात धुतलेस? हो. प्रार्थना म्हटलीस? हो. ते 'हो' आठवून दिलेलं नसतं, ते तोंडातच तयार असतं.

प्लास्टर अजून चकाकत होतं. म्हणजे अजून ओलं होतं. आत्ता, या घटकेला, फळ्यांची सुतळी कापली, चौकट मोडली आणि सगळा लगदा बादलीत खरवडून काढला तर घडा वाचेल... धुऊन घ्यायचा, पुन्हा साबण लावायचा, पुन्हा ओतायचं. एवढंच. सुरी समोर होती. तिनं ती उचललीही. पण बादलीत पडणाऱ्या लगद्याचा आवाज ताई ओळखेल. ताई सगळे आवाज ओळखते. विचारेल, काय झालं? आणि मग सांगावं लागेल – फुगा आला, फळी सुटली असलं काही नाही, ताईला फुग्याचा आणि सुटलेल्या फळीचाही आवाज ठाऊक आहे – सांगावं लागेल की मला आठवत नाही.

सुरी हातात घेऊन ती उभी राहिली. आणि चकाकी कडांपासून मिटायला लागली. आरशावर श्वास सोडावा तशी एक धुरकट कड आत आत सरकत गेली, मध्ये थोडं तळं राहिलं, मग तेही गेलं. पांढरं, मंद, घट्ट. आता सुरीचा उपयोग नव्हता. तिनं ती जागेवर ठेवली आणि तिला कळलं की आपण वाट बघत नव्हतो, आपण हे होऊ दिलं.

आईचंही असंच सुरू झालं होतं. आई ताटांवर फुलं रंगवायची, निळी, पाच पाकळ्यांची, हात न उचलता. नंतर नंतर ती टेबलावरच्या मेणकापडावर कोरड्या ब्रशानं पाकळ्या काढत बसायची आणि "हे ताट भट्टीत ठेवा" म्हणायची, संध्याकाळी नसलेल्या कोंबड्यांना हाका मारायची, आणि एके दिवशी तिनं नोएमीकडे बघून ताईला हळूच विचारलं होतं, "ही बाई कधी जाणार आहे?" नोएमी त्यावर हसली होती. हसण्यासारखंच होतं. रात्री मात्र...

आता माझं. चॉकलेटमध्ये मीठ. शनिवारी रविवार समजून प्रार्थनेला गेले, चर्च बंद, मग पायरीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिले की मेणबत्ती लावायला आलेय. घेवडा चुलीवर ठेवून फेरफटका मारायला गेले, अर्ध्या वाटेत आठवलं, धापा टाकत परत आले तर गॅस बंद. मीच बंद केला होता म्हणजे! त्या दिवशी किती हलकं वाटलं होतं. आणि हे कुणाला सांगायचं? भाचा रुबिएल तिकडे मेदेयीन शहरात असतो, नवव्या मजल्यावर, दर फोनला म्हणतो, "मावश्यांनो, दोघी इकडे या, नाहीतर चांगल्या ठिकाणी सोय करतो." आंधळी ताई आणि तिला सांभाळणारी नोएमी, असं आहे तोवर त्याला गप्प बसावं लागतं. सांभाळणारीच विसरायला लागली की तो गाडी घेऊन येईल. चांगल्या ठिकाणी बायकांना दोन-दोन करून ठेवतात म्हणे, पण बहिणी म्हणून नव्हे, आजारानुसार.

"आहे का कोणी, की दोघी संत होऊन वर गेल्या?"

दारात आर्नुल्फो होता, शेजारचा, हातगाडीवर प्लास्टरची पोती घेऊन, टोपीवर धुक्याचे थेंब.

"तुला बरोबर घेतल्याशिवाय कशा जाऊ?" नोएमी म्हणाली. आवाज नेहमीसारखा आला, तिला बरं वाटलं. "वर ओझी कोण उचलेल?"

"हेच. मला मेल्यावरसुद्धा सुट्टी नाही." त्यानं एक पोतं आत आणून टाकलं, मग दुसरं. "हे सोमवारचं आणि हे मंगळवारचं."

"एकच सांगितलं होतं मी."

"सोमवारी एक सांगितलंत. मंगळवारी परत एक सांगितलंत. मी म्हटलं, बाईंनी मोठं काम धरलं असेल, बिशपसाहेबांसाठी न्हाणीचा टब वगैरे."

तिच्या कानांमागे ऊन लागल्यासारखं झालं. मंगळवार तिला अजिबात आठवत नव्हता. मंगळवारच्या जागी नुसती भिंत होती, चुना दिलेली.

"मीच सांगितलं तिला दुसरं मागवायला," स्वयंपाकघरातून एदेल्मिरा म्हणाली. "पावसात पोती दमट होतात, मग तूच येतोस रडत, की माल असाच आला म्हणून. ठेव तिकडे कोरड्यात आणि पाय पुसून जा."

"आत्या, तुम्हाला दिसत नाही तर माझे पाय घाण आहेत हे कसं कळलं?"

"तुझे स्वच्छ कधी होते ते सांग."

तो हसत हसत गेला, हातगाडीचं चाक गल्लीभर कुरकुरत गेलं. नोएमी पोत्यांजवळ उभी राहिली. ताईनं सांगितलं होतं? तेही आठवत नव्हतं. पण ताई म्हणाली म्हणजे... ती स्टुलावर बसली. मांडीवरच्या हातांवर प्लास्टर वाळून पांढरं झालं होतं, मूठ मिटली की सुरकुत्यांतून तडकत होतं. हे हात मेलेल्या बाईचे दिसतात, तिला वाटलं, आणि मग वाटलं, नाही, मेलेल्या बाईचे हात असे उबदार नसतात. कारण तिनं नकळत तळवा साच्यावर ठेवला होता आणि साचा तापायला लागला होता. धरताना प्लास्टर आपणहून तापतं. बाहेरून आग नाही, ऊन नाही. लहानपणी हिवाळी धुक्यात ती आणि ताई दोन्ही बाजूंनी असे हात ठेवून बसायच्या, आई ओरडायची, कोंबड्यांसारख्या काय बसल्यात अंड्यावर.

फळीवरचे पेले तिला समोर दिसत होते. सगळ्यांचे कान उजवीकडे. ते तिनंच लावून ठेवले होते, फार पूर्वी, ताई अजून "मला चांगलं दिसतं" म्हणत होती तेव्हा. ताईचा हात हवेत चाचपडताना तिनं पाहिला होता एकदा, आणि त्या रात्रीपासून पेल्यांचे कान एका बाजूला, मीठ नेहमी साखरेच्या डावीकडे, खुर्ची नेहमी भिंतीला टेकलेली. ताईला कळू न देता. वर्षभर ताईला वाटत राहिलं असेल की डोळे एवढे काही वाईट नाहीत, वस्तू सापडतात की... किती दिवस चाललं ते.

भिंतीवरून हात घासत येण्याचा आवाज आला. एदेल्मिरा एका हातात गुळाच्या गरम पाण्याचा पेला घेऊन आली, टेबलाची कड मांडीला लागेपर्यंत, आणि पेला बरोबर नोएमीच्या हाताशी ठेवला.

"पी. गार होईल."

नोएमी प्यायली नाही. ताईनं साचा शोधला, दोन्ही तळवे ठेवले.

"तापलाय छान."

"हो."

"मग तू अशी का बसलीयस? श्वास कोंडल्यासारखी. चुलीपाशी ऐकू येतोय तुझा न येणारा श्वास."

नोएमीनं 'काही नाही' म्हणायला तोंड उघडलं. तो शब्द तिथं तयार होता, नेहमीसारखा. त्याच्याऐवजी दुसरंच आलं, आणि ते इतक्या साध्या आवाजात आलं की तिला स्वतःलाच ते दुसऱ्या कोणाचं वाटलं.

"ताई, साबण लावल्याचं मला आठवत नाही."

बाहेर रेडिओवर आता कोणीतरी हवामान सांगत होतं. एदेल्मिरानं साच्यावरचे हात उचलले नाहीत.

"कालचं आठवतं," नोएमी म्हणाली. "की आजचं आठवतं. एकच कुठलंतरी आठवतं. आणि मंगळवार तर नाहीच आठवत. तू मला दुसरं पोतं सांगितलं होतंस?"

"नाही."

"मग?"

"मग काय. आर्नुल्फोला काय कळतंय."

"तुला माहीत होतं."

"नाताळपासून. नाताळात तू दोनदा पीठ भिजवलंस. मी म्हटलं पाहुणे येणार असतील."

"आणि गॅस?"

"गॅसचा वास आंधळ्यालाही येतो, नोएमी."

म्हणजे गॅस ताईनं बंद केला होता. पण त्या दिवशी धापा टाकत ती आली तेव्हा ताई आतल्या खोलीत कूस वळवून झोपली होती, निदान तशी दिसत होती. नोएमीनं मनातल्या मनात त्या खोलीत पुन्हा जाऊन बघितलं – पांघरूण, पाठ, अंबाडा – आणि पांघरुणाखाली ताईच्या पायांत चपला होत्या की काय ते आठवायचा प्रयत्न केला. कोण जाणे.

"बोलली का नाहीस?" तिनं विचारलं. रागानं विचारायचं होतं, पण राग कुठं सापडला नाही.

"पेल्यांचे कान एका बाजूला करायला लागलीस तेव्हा तू बोलली होतीस का?"

नोएमीनं फळीकडे पाहिलं. मग खाली.

"तुला कळलं होतं?"

"पहिल्या दिवशी. जन्मभर पेले वेडेवाकडे ठेवणारी बाई तू. मी म्हटलं, हिला एक तर देव पावला नाहीतर माझे डोळे गेले."

नोएमी हसली. आधी नाकातून थोडं, मग मोकळं, मग हसता हसता डोळ्यांत पाणी आलं आणि ते तिनं प्लास्टरच्या हातानं पुसलं तसं गालावर पांढरं फासलं गेलं. ताईला ते दिसणार नव्हतं. ताई पण हसत होती, आवाज न करता, खांदे हलवत, आई हसायची तशी.

"आणि साबणाचं म्हणशील," एदेल्मिरा म्हणाली, "तर तू टाकीवर गेलीस तेव्हा मी बोट फिरवून बघितलं. चोचीखाली, कानात, काठावर. बोट घसरत होतं."

"मग मला पुन्हा का विचारलंस?"

"तू 'हो' म्हणतेस की नाही ते ऐकायला. तुझं 'हो' ऐकलं की मला स्वयंपाक सुचतो."

बोट घसरत होतं. नोएमीनं ते वाक्य मनात ठेवून उलटसुलट केलं. घसरत होतं, कारण मी साबण लावला होता? की घसरत नव्हतं, आणि ताईनं डबा चाचपडून, ब्रश घेऊन, न दिसणाऱ्या घड्यावर आपल्या सवयीनं हात फिरवला, आणि मग ते घसरलं? की यातलं काहीच झालं नाही आणि ताई मला बरं वाटावं म्हणून बोलतेय? ताई खोटं बोलते, चांगलं बोलते. आत्ताच आर्नुल्फोशी बोलली. नोएमीनं तिचा हात साच्यावरून उचलून आपल्या नाकाशी नेला. गुळाचा वास होता, दालचिनीचा, चुलीवरच्या मक्याच्या भाकरीचा. साबणाचा होता, नव्हता... या घरात सगळ्याच हातांना तो थोडा असतो.

"काय हुंगतेस? मी काय मांजर आहे?"

"काही नाही."

विचारता आलं असतं. एका वाक्याचं काम. तिनं विचारलं नाही. आणि आश्चर्य हे, की न विचारता राहणं जड गेलं नाही. सकाळपासून, छे, नाताळपासून छातीत आडवी धरलेली एक फळी कोणीतरी सुतळी कापून बाजूला केल्यासारखी झाली होती, आणि आतलं जे होतं ते सांडलं नव्हतं, जागच्या जागी उभं होतं. मी विसरते. हे आता या खोलीत दोन जणींना माहीत आहे. एवढ्यानं मंगळवार काही परत येणार नव्हता. पुढचेही काही मंगळवार जातील. पण मी जिथं जिथं चालत होते तिथं मागून भिंतीला हात लावत कोणीतरी येत होतं... आणि मी समजत होते की मीच तिच्या पुढे चालून वाट दाखवतेय.

"रुबिएलला?" तिनं विचारलं.

"रुबिएलला म्हणावं, इकडे ये आणि पोती उचल. नवव्या मजल्यावर बसून बोलतोय." एदेल्मिरानं साच्यावर बोटांनी टिचकी मारली, कान लावला. "उघडतेस? गरम आहे तोवर बरा सुटेल."

पाचर तिथंच होती, लाकडाची, टोक झिजलेली. नोएमीनं सुतळी कापली, फळ्या काढल्या, मग ती उचलून दोन बाजूंच्या मधल्या रेघेवर टेकवली. रेघ बारीक होती, सरळ, आणि तिच्याकडे बघून काही कळत नव्हतं. एक हलका ठोका. सुटला तर सुटला. नाही सुटला तर पोटात घडा घेतलेला एक दगड या घरात राहील, दाराला अडसर म्हणून, थंडीत हात ठेवायला... आणि ताई कधीतरी चाचपडत त्याच्यावर आपटून मला शिव्या देईल. तिला हे चित्र दिसलं आणि भीती वाटली नाही. नवल वाटलं. सकाळी याच चित्रानं हातातली सुरी गोठली होती.

तिनं पाचर एप्रनच्या खिशात टाकली.

"आधी खाऊ," ती म्हणाली. "मला भूक लागलीय."

"बरं झालं. भाकरी करपायला लागल्यात. कुणी टाकल्या होत्या कोण जाणे."

"तू."

"मी? बघ आता."

एदेल्मिरा भिंतीकडे वळली, आणि नोएमीनं तिच्या दंडाला धरलं, की ताईनंच तिच्या दंडाला धरलं. गुळाचं पाणी घ्यायचं राहिलं म्हणून नोएमी एकदा मागे वळली. साचा टेबलावर पांढरा, गप्प, आपली ऊब आपल्यापाशी धरून बसला होता. खिडकीबाहेर धुकं अंगणातून उठायला लागलं होतं. ब्रशच्या टोकाशी आता थेंब नव्हता. तो कधी पडला ते तिनं पाहिलं नव्हतं, आणि पाहायला हवं होतं असंही तिला वाटलं नाही.